तीस रिकामी खोकी

खालच्या मजल्यावरचा आठवीतला मुलगा आठवड्यातून तीनदा, संध्याकाळी सातच्या सुमारास, गणिताची वही घेऊन वर येतो. येतो म्हणजे त्याची आई पाठवते. दार उघडलं की त्याची पहिली नजर ओट्याकडे जाते, दुसरी माझ्याकडे. यंदा तो स्कॉलरशिपला बसलाय आणि शेकडेवारीवर अडलाय. अर्थात आपण अडलोय असं त्याला वाटत नाही. त्याला शेकडेवारी फार सोपी वाटते, आणि तीच पंचाईत आहे.

परवाचं उदाहरण असं होतं. एका व्यापाऱ्याने वस्तूची छापील किंमत खरेदीच्या किमतीपेक्षा शेकडा ४० ने वाढवून ठेवली. गिऱ्हाइकाला छापील किमतीवर शेकडा २५ सूट दिली. तरीही त्याला ६० रुपये नफा झाला. तर वस्तूची खरेदी किंमत किती?

"सोपंय काकू. चाळीस वाढवले, पंचवीस कमी केले, राहिले पंधरा. पंधरा टक्के म्हणजे साठ रुपये. मग शंभर टक्के म्हणजे चारशे." पेन्सिल खाली ठेवून तो पुन्हा ओट्याकडे बघायला लागला. थालीपीठ होतं.

मी म्हटलं, "बरं, चारशे. आता तूच व्यापारी हो आणि दुकान चालवून दाखव. चारशेला घेतलीस. छापील किंमत काय लावलीस?"

"चाळीस टक्के जास्त. पाचशे साठ."

"त्यावर पंचवीस टक्के सूट."

वहीच्या कडेला त्याने पाचशे साठला चाराने भागलं. एकशे चाळीस आले. पाचशे साठातून ते वजा केले आणि तो थांबला. "चारशे वीस? म्हणजे नफा वीसच?" मग स्वतःशीच पुटपुटला, "चाळीस रुपये गेले कुठं?"

हा प्रश्न मला फार आवडतो. पैसे कुठं गेले हे विचारावंसं वाटलं की पोरगं गणितात शिरलं असं समजावं. चाळीस टक्के वाढवले ते चारशेचे. पंचवीस टक्के सोडले ते पाचशे साठचे. दोन्हींच्या अंगावर टक्के अशी एकच टोपी असल्यामुळे त्याने त्यांची सरळ वजाबाकी केली. उसाच्या मोळीतून ज्वारीच्या पेंढ्या वजा कराव्यात तसं.

मग आम्ही खरेदी १०० मानली. छापील किंमत १४०. तिच्यावर चौथाई सूट, म्हणजे ३५. विक्री १०५. नफा ५. नफा ५ असेल तर खरेदी १००, नफा ६० असेल तर १२००. त्याने बाराशेवरही दुकान चालवून बघितलं. सोळाशे ऐंशी, त्यातून चारशे वीस गेले, राहिले बाराशे साठ. नफा बरोबर साठ. मग थालीपीठ.

मला हे शिकवलं ते आमच्या गावच्या शाळेतल्या गुरुजींनी. गाव तासगाव तालुक्यातलं. शाळेला दोन खोल्या, आणि गुरुजी मराठीही शिकवायचे अन् गणितही, कारण दुसरं कुणी नव्हतंच. त्याचा फायदा काय झाला हे मला फार उशिरा कळलं. त्यांनी शाब्दिक उदाहरणं भाषेच्या तासासारखी शिकवली. फळ्यावर उदाहरण लिहायचं आणि कुणी आकड्याला हात घातला की ओरडायचे, "आकडे झाका!" मग आम्ही तळहाताने आकडे झाकून नुसतं वाक्य वाचायचं. कोण, कोणाचं, कशावर, कोणापेक्षा. ते खडूने प्रत्ययाला गोल करायचे. 'च्या' दिसला की तिथं गुणाकार आहे. 'पेक्षा' दिसला की त्याच्या आधीचा शब्द शंभर. 'वर' दिसला की तो ज्याला चिकटलाय तो शंभर. "शेकडा कशाचा?" हा त्यांचा एकच प्रश्न, तो सांगता आला नाही तर पाटीला हात लावायचा नाही.

रामाचं उत्पन्न शामच्या उत्पन्नापेक्षा शेकडा २५ ने जास्त आहे, तर शामचं उत्पन्न रामाच्या उत्पन्नापेक्षा शेकडा किती कमी? सगळा वर्ग एका सुरात "पंचवीस!" गुरुजी काही न बोलता पहिल्या 'पेक्षा'च्या मागच्या 'शाम'ला गोल करायचे, दुसऱ्या 'पेक्षा'च्या मागच्या 'रामा'ला गोल करायचे आणि खडू खाली ठेवायचे. शाम शंभर, राम सव्वाशे. रामाकडून शामकडे यायचं तर सव्वाशेतून पंचवीस, म्हणजे पाचवा भाग, शेकडा वीस. फरकाचे रुपये तेच पंचवीस. भागणारा बदलला.

माझं अजूनही प्रामाणिक मत आहे की ज्या मुलाला षष्ठी विभक्ती कळते त्याला शेकडेवारी येते, आणि जो व्याकरण घोकून पास होतो त्याला आयुष्यभर कॅल्क्युलेटर लागतो. (हे मी एकदा गणिताच्या एका बाईंना म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं ते अजून आठवतं.)

आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं गणित मात्र वेगळ्या टाकसाळीतलं होतं. ते शाळेत होते तेव्हा रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होते. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तोवर त्यांच्या डोक्यात पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घट्ट बसली होती. औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढा. आबांना अठ्ठावीस औटं अठ्ठ्याण्णव हे झोपेतही यायचं. शेकडा पंचवीस म्हटलं की त्यांच्या मनात चार आणे उमटायचे, शेकडा साडेबारा म्हणजे दोन आणे. "रुपयामागं दोन आणं सुटलं तरी लई झालं," हे त्यांचं शेतीतल्या नफ्याबद्दलचं कायमचं वाक्य. रुपयामागं म्हटलं की शेकडा कशाचा हा प्रश्नच उरत नाही, समोर रुपया ठेवलेला असतो. मला वाटतं शंभराच्या हिशेबात आपण सोय मिळवली आणि तो समोरचा रुपया हरवून बसलो.

तरी आबाही एकदा फसले, आणि फसले ते शेकड्यातच.

मी अकरावीत होते. त्या साली द्राक्षाचा भाव पडला होता. तासगाव भागात तेव्हा बेदाण्याचा जोर होता आणि आबांनी ठरवलं, माल बाजारात मातीमोल देण्यापेक्षा आपणही बेदाणा करायचा. चार टन द्राक्षं. एका ओळखीच्या माणसाचं शेड भाड्याने ठरलं. तयार बेदाणा पंधरा-पंधरा किलोच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून सौद्याला न्यायचा असतो, तेव्हा खोकी किती आणायची हे ठरवायला एका रात्री आबा चिमणीच्या उजेडात हिशेबाला बसले. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की द्राक्षात शेकडा ऐंशी पाणी असतं आणि चांगल्या वाळलेल्या बेदाण्यात शेकडा पंधरा. कॅलेंडरच्या पानाच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी लिहिलं: ऐंशीतून पंधरा गेले पासष्ट. शंभर किलोत पासष्ट किलो पाणी उडालं. राहिला पस्तीस किलो बेदाणा. चार टनांचा चौदाशे किलो. पंधराने भागून त्र्याण्णव खोकी.

शेजारच्या मळ्यातले काका म्हणाले होते, "आरं, चार किलोला एक किलो पडतंय. चाराला एक धर." आबांना ते पटलं नाही. "आपली द्राक्षं गोड हायत. त्यांची पाणचट." मी तिथंच अभ्यास करत बसले होते आणि मलाही आबांचा हिशेब बरोबर वाटला. अकरावीला गणित घेतलेली मुलगी मी! ऐंशीतून पंधरा गेले पासष्ट, त्यात चुकायला आहे काय?

द्राक्षाचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात, म्हणजे सालीवरची मेणट लव उतरून पाणी लवकर उडतं. मग जाळ्यांवर पसरतात, एकावर एक थर, सावलीत, आरपार वारा. रंग पिवळा राहावा म्हणून गंधकाची धुरी देतात. पहिले चार-पाच दिवस मणी नुसते सुस्तावल्यासारखे दिसतात, मग सुरकुत्या पडायला लागतात. मी शाळेतून परत येताना रोज शेडवर जायचे. तो वास अजून नाकात आहे. आंबूस, गोड आणि मधूनच घशाला झोंबणारा. दोन-अडीच आठवड्यांनी जाळ्या हलवल्या, बेदाणा खाली पडला, देठं-काड्या निवडल्या आणि भरायला घेतला.

बासष्ट खोकी भरली. त्रेसष्टाव्यात तळाला अकरा-बारा किलो. संपलं.

आबांना आधी वाटलं चोरी झाली. रात्री शेडवर झोपणाऱ्या गड्यावर त्यांनी संशय घेतला, दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. चारशे साठ किलो बेदाणा कोण आणि कुठं नेणार, पण माणसाला आपला हिशेब चुकला यापेक्षा गडी चोर आहे हे लवकर पटतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली आणि तेच कॅलेंडरचं पान पुढं केलं. "कुठं चुकलं सांग की. शाळा शिकतीस ना?"

मला तासभर लागला, आणि शेवटी गुरुजींचीच युक्ती कामाला आली. आकडे झाकले. द्राक्षा*त* शेकडा ऐंशी. बेदाण्या*त* शेकडा पंधरा. दोन वेगळे शंभर! ऐंशी आहेत ते शंभर किलो द्राक्षाचे. पंधरा आहेत ते किती किलोचे, हे तर अजून माहीतच नाही, कारण तो बेदाणा किती हेच आपल्याला काढायचंय. मग माहीत काय आहे? वाळवताना न बदलणारं काय? पाणी उडतं, बाकीचं जागेवर राहतं. शंभर किलो द्राक्षात पाणी सोडून वीस किलो. ते वीस किलो बेदाण्यातही वीसच. फक्त आता ते शेकडा पंच्याऐंशी झालेत. बेदाणा क्ष किलो मानू. क्षच्या शेकडा ८५ बरोबर २०. क्ष बरोबर साडेतेवीसच्या आसपास. चार टनांना नऊशे एक्केचाळीस किलो. बासष्ट खोकी आणि वर अकरा किलो.

आकडा इतका तंतोतंत जुळला की मला भीतीच वाटली. पीक सगळं वाळून खोक्यात गेल्यावर समीकरण येऊन सांगतंय, मला आधी का नाही विचारलं. शेजारच्या काकांना क्ष माहीत नव्हता, त्यांचं "चाराला एक" होतं. ते समीकरणाच्या जवळजवळ नेमकं होतं.

आबांनी माझं पान दोनदा वाचलं. "म्हंजे गोडीचा काय संबंध न्हाई?" संबंध होता. गोडी जास्त असली की पाणी कमी, बेदाणा जास्त. पण पस्तीस किलो यायला शंभर किलो द्राक्षात पाणी सोडून तीस किलो माल लागला असता, आणि तेवढी गोड द्राक्षं आमच्या मळ्यात नव्हती. हे मी सांगितलं नाही. आबा उठून गेले ते थेट त्या गड्याकडे. काय बोलले माहीत नाही, पण संध्याकाळी दोघं बांधावर बिडी ओढत बसलेले दिसले.

तीस खोकी रिकामी राहिली. पुढची कितीतरी वर्षं ती घरात होती. एकात आईच्या वाती-कापूस, एकात माझी पुस्तकं, दोन-तीन खोक्यांत कोंबड्या उबवायला बसल्या. एक अजून माझ्या पुण्याच्या घरात माळ्यावर आहे, त्यात माझ्या जुन्या वह्या. त्या मुलाला शिकवायचं ठरलं तेव्हा तेच खोकं खाली काढलं.

'खरेदी १०० मानू' ही गुरुजींची रीत त्यांची स्वतःची असावी असं मला बरीच वर्षं वाटायचं. नंतर भास्कराचार्यांची लीलावती हातात आली. ११५० मधला ग्रंथ. त्यात हीच रीत आहे, तिला नाव आहे इष्टकर्म. मनाला येईल ती संख्या धरा, उदाहरणात सांगितलेलं सगळं तिच्यावर करा, जे येईल त्याच्याशी दिलेल्या उत्तराचं त्रैराशिक मांडा. एक उदाहरण असं आहे: एका संख्येला पाचाने गुणलं, त्यातून त्याचाच तिसरा भाग वजा केला, उरलेल्याला दहाने भागलं, त्यात मूळ संख्येचा तिसरा भाग, निम्मा आणि चौथा भाग मिळवला, तर ६८ आले. संख्या कोणती? १२ धरून बघा. पाचपट साठ, तिसरा भाग गेला चाळीस, दहाने भागून चार. त्यात बाराचे चार, सहा आणि तीन मिळवले की सतरा. हवेत अडुसष्ट, म्हणजे चौपट. म्हणून संख्या ४८. मुलाला हे करायला दिलं तर त्याने आधी विचारलं, "कुठलीही संख्या धरली तरी चालते?" चालते. ती मनाजोगती निवडण्यातच शहाणपण. 'त्यातून त्याचाच' आणि 'मूळ संख्येचा' या दोन 'च्या'मधला फरक मात्र नऊशे वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्यालाही नीट वाचावा लागला असणार.

तिथंच व्याजाचंही एक उदाहरण आहे: महिन्याला शंभरावर पाच व्याज पडत असेल तर सोळांवर वर्षाचं किती? उत्तर नऊ आणि तीन पंचमांश. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दर बघून उडाले. महिन्याला शेकडा पाच, म्हणजे वर्षाला साठ! मग लक्षात आलं, आमच्या गावात अजूनही व्याज महिन्यानेच बोलतात. "तीन टक्क्यानं घेतलंय" म्हणजे महिन्याला तीन, वर्षाला छत्तीस. बँकेचा माणूस "नऊ टक्के" म्हणतो ते वर्षाचे. शाळेत आम्ही द. सा. द. शे. असं एका दमात म्हणायचो, आणि त्यातला 'दर साल' हा शब्द किती जणांची जमीन वाचवू शकला असता हे कुणाच्या ध्यानात यायचं नाही. तीन लहान आणि नऊ मोठे, एवढंच ऐकणाऱ्याला ऐकू येतं.

लीलावती मला जवळची वाटायला आणखी एक कारण आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाचा शिलालेख आहे. मठ काढला होता आजोबांचे ग्रंथ शिकवायला. लेखाच्या शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत आणि त्या कशाबद्दल आहेत? मठाला बाजारातून काय काय द्यायचं याबद्दल. त्यात गिऱ्हाइकाकडून 'दामाचा विसोवा' आहे. विसोवा, विसावा भाग. गणिताच्या शाळेचा खर्च भागवायला अपूर्णांक लागले, यापेक्षा चोख व्यवस्था कुठली?

आणि ज्याला आपण क्ष म्हणतो आणि हल्लीची पुस्तकं एक्स म्हणतात, त्या अव्यक्ताला आपल्याकडच्या बीजगणितात 'यावत्तावत्' म्हणत. जेवढं असेल तेवढं. एकाहून जास्त अव्यक्तं आली की त्यांना रंगांची नावं: कालक, नीलक, पीतक, लोहितक. आठवीतल्या चिरंजिवांना ही कल्पना भलतीच आवडली. त्याने पुढची दोन उदाहरणं स्केचपेनने सोडवली, खरेदी निळी आणि छापील किंमत पिवळी. गंमत म्हणजे त्या दिवशी एकही चुकलं नाही. निळ्याचे टक्के पिवळ्यात मिसळायला हात धजत नाही.

एवढं सगळं माहीत असून मीही खड्ड्यात पडलेच. नोकरीला लागल्यावर दोन-चार वर्षांनी स्कूटर घेतली. शोरूममध्येच कर्ज देणाऱ्याचं टेबल होतं. ३६,००० रुपये कर्ज, तीन वर्षं, "फक्त दहा टक्के मॅडम, फ्लॅट." वर्षाचे ३,६०० प्रमाणे तीन वर्षांचं व्याज १०,८००. एकूण ४६,८००, छत्तीस हप्ते, हप्ता तेराशे. इतका गोल हिशेब की तिथल्या तिथे तोंडी झाला. बँक तेव्हा यापेक्षा जास्त दर सांगत होती, म्हणून मी खूश.

दोन वर्षं उलटून गेल्यावर एका रात्री पासबुक बघताना मनात आलं, मी दर महिन्याला हजार रुपये मुद्दल फेडतेय आणि तीनशे व्याज. पहिल्या महिन्यात माझ्याकडे छत्तीस हजार होते, तेव्हा तीनशे व्याज. शेवटच्या महिन्यात माझ्याकडे त्यांचा एकच हजार उरणार, आणि त्या हजारावरही महिन्याचे तीनशेच! आमच्या गावचा सावकारसुद्धा असा दर सांगताना इकडंतिकडं बघेल. दहा टक्के खरेच होते. कशाचे? पहिल्या दिवशीच्या छत्तीस हजारांचे, तीनही वर्षं, मधे मी कितीही फेडलेलं असो. उरलेल्या रकमेवर दर महिन्याला व्याज धरलं तर तोच तेराशेचा हप्ता जवळजवळ अठरा टक्क्यांना पडतो. सरासरीने माझ्याकडे त्यांचे निम्मेच पैसे होते आणि व्याज मी पुऱ्यावर भरत होते. त्या टेबलामागच्या मुलाने खोटं काही सांगितलं नव्हतं. मी प्रत्ययाला गोल केला नव्हता.

गावाकडे गेले की शेकड्याचं राज्य उसात दिसतं. पारावर गप्पा सुरू होतात त्या उताऱ्यावरून, म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली यावरून. २०२५-२६ च्या हंगामाला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, सव्वादहा टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, आणि वर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे. सव्वादहाचा सव्वाअकरा झाला तर लोक म्हणतात "एक टक्का वाढला", आणि ऐकणाऱ्या शहरी माणसाला वाटतं, एकाने काय होतंय. तो एक टक्का उसाच्या वजनाचा असतो. साखरेच्या मानाने ती जवळपास दहा टक्के वाढ आहे, आणि भावही क्विंटलला ३४ रुपये ६० पैशांनी, म्हणजे जवळपास तेवढाच वाढतो. तीनशे पंचावन्नला सव्वादहाने भागून बघा, चौतीस रुपये त्रेसष्ट पैसे येतात. सरकारी कागदातलं हे साधं त्रैराशिक आहे. पारावरच्या कुणी ते भागून बघितलं नसेल, पण "एका टक्क्याला टनामागं साडेतीनशे" हे सगळ्यांना पाठ. मग त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते आणि गप्पा वेगळ्या वळणाला लागतात.

पिकाची पैसेवारी, म्हणजे रुपयातलं किती पैसे पीक हाती आलं याचा सरकारी अंदाज, तिथंही तीच गंमत. पन्नास पैशांच्या आत गेली की दुष्काळाच्या सवलतींची आशा. आधी आणेवारी होती, रुपया दशमान झाला आणि दुष्काळही पैशात मोजायला लागला. टक्का हा शब्दच आपल्याकडे मोठा खेळकर आहे. मतदानाचा टक्का वाढतो, मुंबईतला मराठी टक्का घसरतो, कंत्राटातली टक्केवारी कुणाच्या तरी खिशात जाते, आणि उरलेल्यांनी टक्केटोणपे खायचे.

ऑफिसात माझं काम बिलांचं. जीएसटी आल्यापासून दिवसातून एकदा तरी कुणीतरी म्हणतं, "मॅडम, सगळं धरून अकराशे ऐंशीला ठरलंय, अठरा टक्के काढून टाका." नवीन मुलं अकराशे ऐंशीचे अठरा टक्के काढतात, दोनशे बारा रुपये चाळीस पैसे, आणि मूळ किंमत नऊशे सदुसष्ट साठ लिहून मोकळी होतात. कर लागला होता तो मूळ किमतीवर. क्ष आणि क्षच्या शेकडा १८ मिळून ११८०, म्हणून क्ष हजार. बत्तीस रुपये चाळीस पैशांची ती चूक मी आता लांबून ओळखते, जशी आई ताकाला हात न लावता आंबट झालंय हे ओळखायची.

काल संध्याकाळी मुलगा वेळेआधी आला. वही नव्हती, सराव परीक्षेचा पेपर होता. मागच्या वेळी पन्नासपैकी तीस होते, या वेळी छत्तीस. मी पाठ थोपटली. तो खाली गेला आणि दोन मिनिटांत जिन्यातून त्याच्या आईचा आवाज वर आला.

"वहिनी, हा म्हणतोय मार्क वीस टक्क्यांनी वाढले. मी पेपर बघतेय, साठ टक्के होते, बहात्तर झाले. बाराच की!"

मी काही बोलायच्या आत तो जिन्यातूनच म्हणाला, "आई, वीस टक्के कशाचे ते विचार ना आधी."

"कशाचे?"

"आधीच्या मार्कांचे. तीसचे सहा."

थोडा वेळ शांतता. मग ती म्हणाली, "बरं. आणि गेलेले चौदा मार्क, ते कशाचे?"

त्यावर त्याला काही सुचलं नसावं. दार लावल्याचा आवाज आला.